साहेबांची किवी

आमच्या साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धाराशिवच्या उन्हात किवी पिकवायची होती. बाजारातली केसाळ नव्हे, तर थंड मुलखातली, अंगठ्याएवढी, गुळगुळीत सालीची छोटी जात. बियांना हिवाळा वाटावा म्हणून त्यांनी पुडी फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवली आणि मग कुंडीत पेरली. किवी काही उगवली नाही. पाखरांनी कुठूनशा आणलेल्या बीचा तोंडलीचा वेल तेवढा वर आला. मी पहिल्या पानालाच ओळखलं, पण साहेबांना सांगायचं म्हणजे आपणच अडाणी ठरायचं. त्यांनी त्याला मांडव घातला. अंगठ्याएवढी हिरवी फळं धरली, तशी ऑफिसातली माणसं बंगल्यावर बोलावली.

येरमाळ्याकडच्या कारकुनानं कच्चं तोंडलं करकर चावलं. "सर, काय गोडी हो! अशी किवी पुण्यात बी मिळत न्हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं तर घरी न्यायला रुमालात बांधून घेतली. ह्या सगळ्यांच्या गावात कुंपणाकुंपणावर हाच वेल आहे.

उरलेली फळं मी संध्याकाळी फोडणीला टाकली. पहिला घास घेऊन साहेब म्हणाले, "आज तोंडली छान झालीत."