सहीपर्यंत झाकून ठेवलेले नवे तांदूळ

नव्या तांदळाची पेज उकळायला लागली, की त्या गोडसर वासाबरोबर मला कैनाड गावातलं आमचं अंगण आठवतं. जंगलाच्या कडेची, आजोबांपासून कसलेली जमीन आमच्या नावावर होऊ शकेल, असा कायदा तेव्हा दिल्लीत येऊ घातला होता. डहाणूला कॉलेजात जाणारी घरात मी एकटीच, त्यामुळे लोकसभेत विधेयक मंजूर झाल्याची बातमी मीच आणली. आईने लगेच नवे तांदूळ धुवायला घेतले. काकांनी विचारलं, "म्हणजे झाला कायदा?" मी म्हटलं, "नाय काका, अजून राज्यसभेत जायचंय. त्यांनी काही बदललं तर परत लोकसभेत. दोघांचं एकमत झालं, की मग राष्ट्रपतींची सही." काकांनी आईला थांबवलं. "देवाला आणि पितरांना दाखवल्याबिगर आपण नवं खातो का? यांचा कायदा तर अजून दोन ठिकाणी दाखवायचा राहिलाय. ठेव झाकून." आम्ही नाचणीची भाकरी खाल्ली. पुढे राज्यसभेनेही मंजुरी दिली, तरी तांदूळ झाकलेलेच राहिले. सही झाल्याचं रेडिओवर ऐकलं, तेव्हा कुठे देवापुढे आणि पितरांना पान वाढलं गेलं. "आता खा," काका आम्हाला म्हणाले आणि स्वतः मात्र भाकरी मोडून बसले. "जमीन नावावर झाली की मी खाईन." त्यानंतर दरवर्षी ते जुन्या धान्यावरच राहिले. यंदा पितरांच्या पानांत त्यांचंही पान होतं. त्यावर मी नवा भात वाढला. जमीन अजून नावावर व्हायचीच आहे.