टॉर्चच्या पलीकडचा माणूस

हातात टॉर्च घेतला की ती शनिवारची दुपार मला अजूनही आठवते. निवृत्तीनंतर सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये टॉर्च लागतो तो पलंगाखाली गेलेली चप्पल शोधायला. तरीही मी तो डाव्या हातात, अंगापासून लांब धरतो. बायको हसते. म्हणते, "चप्पल काही गोळी झाडणार नाहीये तुमच्यावर." तिचं बरोबर आहे, पण हाताची सवय जात नाही.

माझे वडील नोकरीसाठी मुंबईहून सिंगापूरला आले. मी इथेच वाढलो आणि इथल्याच पोलीस दलात भरती झालो. मराठी घरात बोललो तेवढंच. नोकरीतली बरीच वर्षं मी गोळीबाराच्या प्रशिक्षणात काढली, त्यातही कमी उजेडातल्या. लोकांना वाटतं, अंधारात नेम धरणं अवघड. अहो, नेमाचं नंतर बघू. समोर कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे कळणं त्याहून कितीतरी अवघड असतं. पिस्तुलालाच जोडता येईल असा टॉर्च मिळतो, सोयीचा असतो, पण माझं त्याच्याशी कधी पटलं नाही. ज्याला बघायचं त्याच्यावर आपोआप पिस्तूलही रोखलं जातं. म्हणून मी शिकवायचो: टॉर्च वेगळ्या हातात, पिस्तूल खाली, बोट ट्रिगरच्या बाहेर सरळ. उजेड पाडला की आधी हात बघा, चेहरा नंतर. चेहऱ्याने कुणी गोळी झाडत नाही.

तेव्हा प्रशिक्षणातून मी पुन्हा पोलीस ठाण्यावर आलो होतो. त्या शनिवारी मी आणि माझी सहकारी सार्जंट गाडीतून बुकित बातोकच्या बाजूला गस्तीवर होतो. ती मलय, चाळिशीतली, कमी बोलणारी. गप्पा मारायला अगदीच निरुपयोगी, पण अडचणीत शेजारी असावी तर तीच. वायरलेसवर खबर आली की एका औद्योगिक इमारतीत एक माणूस पिस्तूल घेऊन उभा आहे. या देशात पिस्तूल ही थट्टेची गोष्ट नाही, प्रकरण फाशीपर्यंत जाऊ शकतं. सशस्त्र तुकडी निघाली होती, पण सगळ्यात जवळ आम्ही होतो.

खबर देणारे आजोबा शेजारच्या गाळ्यात फर्निचर बनवायचे. घाबरले होते, तरी माहिती नीट दिली. दार किलकिलं होतं, आत अंधार होता आणि आतल्या कुणाच्यातरी मोबाइलच्या उजेडात त्यांना पिस्तूल दिसलं. मग धाडकन आवाज झाला.

"आरडाओरडा तर दर शनिवारी असतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, इंडियन लोकांची मीटिंग."

तेव्हा मी इकडे लक्ष द्यायला हवं होतं म्हणा, पण इतक्यात आतून एका बाईची किंकाळी आली. मग तुकडीची वाट बघणं शक्य नव्हतं.

भर उन्हातून अंधारात शिरलं की माणूस काही वेळ आंधळाच असतो. शिवाय दारात उभं राहिलं की मागच्या उजेडात आपली आकृती छान उठून दिसते. म्हणून आत शिरलो ते झटकन, आणि दोघं दोन बाजूंना झालो. खिडकी एकही नाही. भिंतीला लागून लोखंडी रॅक, त्यांच्यावर केटरिंगची मोठी पातेली. मी हात लांब करून टॉर्च लावला.

उजेडाच्या मधोमध एक माणूस उभा होता. पस्तिशीचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट आणि उजव्या हातात पिस्तूल. टॉर्चमध्ये ते पोलादासारखं चमकलं. सार्जंट इंग्रजीत ओरडली, "पोलीस! शस्त्र खाली टाक!"

त्याने आमच्याकडे वळून पिस्तूल सरळ उजेडावर रोखलं. ती पुन्हा ओरडली. तो एक पाऊल पुढे आला, छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "एक पाऊलही पुढे टाकू नकोस. आज मी मागे हटणार नाही!"

खरं सांगतो, मी घाबरलो. माझं पिस्तूल वर आलं होतं. सार्जंटचं बोट ट्रिगरच्या कडेला पोचलेलं मला दिसलं. तिला मराठी येत नाही. तिला फक्त पिस्तूल दिसत होतं आणि पुढे पडलेलं पाऊल. इतक्यात त्या माणसाने कपाळाला आठी घातली आणि साध्या, वैतागलेल्या आवाजात म्हणाला, "अगं, तुझी एंट्री अजून नाही. आणि इंग्लिश कशाला फाडतेस?"

लगेच कोपऱ्यातल्या अंधारातून एक बाई कुजबुजल्या, "'मागे हटणार नाही'नंतर थांबायचंय तुला. मग नायिका रडते."

प्रॉम्प्टर! माझ्या डोक्यात उजेड पडला तो असा.

"मागे हो, आडोशाला जा, गोळी झाडू नकोस," मी सार्जंटला म्हणालो. आता विचार करा, समोर पिस्तूल आणि वरिष्ठ सांगतोय मागे हो. तिने प्रश्न विचारला नाही. बोट बाहेर काढलं आणि रॅकच्या मागे सरकली. मी टॉर्च त्याच्या डोळ्यांवरून काढून छताकडे वळवला. पांढऱ्या छतावरून उजेड खाली उतरला, गाळा दिसायला लागला, आणि त्यालाही आम्ही दिसलो. "नाटक थांबवा," मी मराठीत म्हणालो. "आम्ही खरे पोलीस आहोत. ते हातातलं खाली ठेवा."

पिस्तूल जमिनीवर पडलं आणि लाकडी ठोकळ्यासारखा आवाज झाला. ते लाकडाचंच होतं. वर काळा रंग आणि चमक यावी म्हणून चोळलेली शिसपेन्सिलची पूड. धाडकन आवाज दोन फळ्या आपटून काढला होता. किंकाळी नायिकेची होती. ती बिचारी आता खरीच रडत होती. इथल्या मराठी मंडळाचे हौशी नट गणेशोत्सवासाठी रहस्यनाटक बसवत होते, आणि हा प्रवेश अंधारातला होता. घरी तालीम केली की शेजारी तक्रार करतात, म्हणून ओळखीच्या केटररचा गाळा घेतला होता.

इथे प्रकरण संपायला हवं होतं, पण संपलं नाही. पोलिसांची परवानगी न घेता हुबेहूब दिसणारं पिस्तूल वापरलं ही चूक होतीच, आणि मंडळींनी ती कबूल केली. खरा प्रश्न पुढचा होता. त्या माणसाने दोनदा इशारा दिल्यावरही पोलिसांवर पिस्तूल रोखलं आणि पाऊल पुढे टाकलं. तो एका बँकेत जोखीम विभागात होता (काय योग असतात बघा), एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी माणसाला मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, आलेला. गुन्हा दाखल झाला तर पास जाणार, नोकरी जाणार, मुलीची शाळा अर्धवट सुटणार. त्याला ठाण्यावर आणलं, तेव्हा बाहेर बाकावर त्याची बायको येऊन बसली होती. तिने एकदाच विचारलं, "ते आज घरी येतील ना?" मी तिला पाणी आणून दिलं.

चौकशी आमच्या वरिष्ठांनी केली. करडे, शिस्तीचे गृहस्थ. मी कोपऱ्यात बसलो होतो.

"तुला उजेड दिसला, पोलीस हा शब्द ऐकू आला. मग पुढे का आलास?"

"सर, मला वाटलं स्पॉट आला."

"काय आला?"

"स्पॉट. त्या वाक्याला माझ्यावर स्पॉटलाइट पाहिजे, म्हणून मी किती दिवस प्रकाशयोजनेवाल्याच्या मागे लागलोय. तो म्हणायचा, बजेट नाही. एकदम उजेड पडला, मला वाटलं आणला एकदाचा. आणि नाटकात शेवटी एक लेडी इन्स्पेक्टर येतेच. ती नेहमी आधी घुसते, सर. आमचं त्यावरून भांडणसुद्धा झालंय."

हौशी नाटकवाला खोटं बोलतोय की खरं, हे ओळखायला मला फार वेळ लागत नाही. बायको मला मंडळाच्या नाटकांना ओढत नेत आली आहे, आणि उजेड दिसला की त्यात घुसणारे नट मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण वरिष्ठांना हे कसं पटणार? आमच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात त्याचं बोलणं रेकॉर्ड झालं होतं, पण भाषांतर करणारा मी, मराठी. आरोपी मराठी. बाकीचे साक्षीदार त्याचे मित्र. वरिष्ठ म्हणाले, "उजेड माझ्या तोंडावर आला तर मी जागचा हलणार नाही. कुणीही शहाणा माणूस हलणार नाही."

त्यांच्या या वाक्याने मला वाट दाखवली. मी म्हणालो, "सर, एक मिनिट ब्रीफिंग रूममध्ये याल?"

ते आले, हातात कॉफीचा मग तसाच. मी सार्जंटला टॉर्च घेऊन आत बोलावलं आणि दिवे घालवले. सार्जंटने हात लांब करून टॉर्च थेट त्यांच्या तोंडावर लावला आणि गप्प उभी राहिली. वरिष्ठ दचकले. तसेच कॉफीचा मग धरलेला हात डोळ्यांपुढे घेऊन तरातरा पुढे आले. "बंद करा हे! कोण आहे तिकडे?"

मी दिवे लावले. ते थेट सार्जंटच्या पुढ्यात उभे होते.

"सर, तुम्हीपण पुढे आलात," ती म्हणाली. "आणि तुमच्या हातात मग आहे, हे मला आधी कळलंच नाही."

वरिष्ठांनी एकदा मगाकडे पाहिलं, एकदा टॉर्चकडे. "चमत्कारिक आहे हे," एवढंच पुटपुटले. पण माणूस सरळ होता. त्यांनी सार्जंटचा जबाब पुन्हा घेतला, तिच्याबरोबर ते रेकॉर्डिंग परत परत ऐकलं, आणि माझ्याऐवजी बाहेरच्या दुभाष्याकडून भाषांतर करून घेतलं. ते जुळलं. संध्याकाळी त्या माणसाला ताकीद देऊन सोडलं. त्याच्या बायकोने त्याला पाहिलं आणि जे झापायला सुरुवात केली, ती लिफ्ट बंद होईपर्यंत आम्हाला ऐकू येत होती. मला फार बरं वाटलं.

इतकी वर्षं मी टॉर्चच्या अलीकडे उभं राहून शिकवत होतो. उजेड पाडला की आपल्याला सगळं दिसतं, एवढंच मला ठाऊक होतं. पलीकडच्या माणसाला मात्र काहीच दिसत नाही. पोलीस, चोर की स्पॉटलाइट, त्याच्यासाठी सगळं सारखंच. पुढे प्रशिक्षणाला बोलावलं की मी प्रत्येकाला आधी पलीकडे उभं करायचो. मग शिकवायचो: आडोसा घ्या, अंतर वाढवा, उजेड छतावर टाकता येत असेल तर टाका, आणि समोरच्याला कळेल अशा शब्दांत बोला. आता हा वर्ग सार्जंट घेते. माझ्यापेक्षा चांगला घेते, कारण ती कमी बोलते.

गणेशोत्सवातल्या त्या नाटकाला मला आणि सार्जंटला पहिल्या रांगेचे पास होते. पिस्तूल आमच्या अटीप्रमाणे झगझगीत नारिंगी रंगवलेलं. ते दिसताच थिएटर हसलं, पण मंडळींनी नाटक नेटाने पुढे नेलं. शेवटच्या अंकात अंधार झाला, फळ्या वाजल्या, आणि त्याच्यावर खराखुरा स्पॉट पडला.

त्याची वाचाच बसली. त्याला काय दिसत होतं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. विंगेतून प्रॉम्प्टरबाई कुजबुजल्या, मग जरा मोठ्याने, पण त्याच्या कानावर जात नव्हतं. मागे कुणीतरी खाकरलं. तेवढ्यात माझ्या शेजारून, हळू पण स्पष्ट आवाज आला. मलय वळणाचा, प्रत्येक शब्द सुटा:

"आज मी मागे हटणार नाही."

त्याने चमकून आवाजाच्या दिशेने पाहिलं. चेहरा सैल झाला. मग त्याने ते वाक्य असं काही टाकलं की टाळ्या थांबेनात.

मी थक्क झालो होतो. सार्जंट माझ्याकडे झुकली. "रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं, सर. पाठच झालं. पण अर्थ काय त्याचा?"

मी सांगितला. ती विचारात पडली.

"पण मी तर मागे हटले, सर," ती अस्सल सिंगापुरी लहेजात म्हणाली. "म्हणून तर हा इथे उभा आहे, लाह."

आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.