निर्गुडीचा पाला

जुईनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई जंतूंच्या लॅबमध्ये कामाला आहेत. औषधी पाल्याचा अर्क काढून तो जंतूंवर टाकून बघायचा, हे त्यांचं काम. लिफ्टचं बटण त्या कोपराने दाबतात, आणि बोलतात इतक्या हळू की बाजूला कुणी झोपलंय असं वाटावं.

बाबांच्या पायाची जखम चिघळली, कुठलंच औषध लागू पडलं नाही आणि ते गेले. त्या जखमेतले जंतू तपासायला ताईंच्याच लॅबमध्ये गेले होते.

वर्षश्राद्धाला गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवून मी उतरत होतो. कावळा आलाच नव्हता. जिन्यात ताई भेटल्या. "काका मजेत आहेत," म्हणाल्या. मी पायरीवरच थांबलो. "म्हणजे त्यांचे जंतू हो. आमी त्यांना काकाच म्हणतो. दर आठवड्याला नव्या प्लेटमध्ये खायला घालते मी."

मग त्यांनी बाबांनी गेटपाशी लावलेल्या निर्गुडीचा पाला मागितला. मी पिशवीभर तोडून दिला.

परवा लिफ्टमध्ये त्या हळूच म्हणाल्या, "दादा, निर्गुडीनेपण नाही मेले काका."

मला हायसं वाटलं. घरात हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.