मावशीचा खोकला

तुम्ही माझे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहत नाही, हे मला आंब्याच्या व्हिडिओमुळे कळलं. अंगणातल्या झाडाला मोहर आला होता, तो तुम्हाला दाखवत मी झाडाभोवती सावकाश फिरले. शेवटी फोन हातातून सुटून चिखलात पडला. पुढे नुसता काळोख आणि माझी आरडाओरड. मी तो तसाच पाठवला, कारण तुम्हाला हसू येईल असं वाटलं. तुम्हा दोघांचं उत्तर आलं, "छान, आजी." फोन पडल्याबद्दल कोणीच काही विचारलं नाही. तेव्हाच ठरवलं, हे काम नीट शिकायचं.

तसंही मला स्वस्थ बसवत नव्हतं. तुमचे आजोबा गेल्यापासून घरातल्या एका खुर्चीवरून उठायचं आणि दुसरीवर बसायचं, एवढाच माझा प्रवास उरला होता. यवतमाळला औषधांच्या एका दुकानावर दोन खोल्यांत ख्रिस्ती कार्यक्रम बनवणारी एक छोटी मीडिया कंपनी आहे. गाणी, पाळकांचे संदेश, नाताळची पोस्टर्स, लोकांच्या साक्षी, म्हणजे देवाने आपल्याला कसं सांभाळलं हे त्यांनी स्वतः सांगणं, असं सगळं तिथे तयार होतं. त्यांना इंटर्न हवेत, अशी सूचना रविवारच्या उपासनेनंतर वाचली गेली. वयाचं काही म्हटलं नव्हतं. सोमवारी मी हजर झाले.

तिथले सर माझ्या विद्यार्थ्यांहूनही लहान. म्हणाले, "मॅडम, इंटर्न म्हणजे शिकाऊ हो."

"ठाऊक आहे. शब्द इंग्रजी आहे आणि इंग्रजी मी जन्मभर शिकवलंय."

दुसरी इंटर्न विशीतली मुलगी होती. तिने मला माऊस धरायला शिकवला, मी तिला पोस्टरवरचं इंग्रजी शिकवलं. पोस्टरवर मी सगळी अक्षरं एका रेषेत बसवायचे, तर ती म्हणायची, "आज्जी, हा नाताळचा कार्यक्रम आहे, परीक्षेचं वेळापत्रक नाही!"

एडिटिंगमध्ये मात्र माझा शिस्तशीर स्वभाव कामी आला. सरांचा नियम एकच होता: पडद्यावर सारखं काहीतरी बदललं पाहिजे, नाहीतर पाहणारा पळतो. प्रेक्षक कुठे सोडून जातात याचा आलेखच तिथे दिसतो. बोलणारा थांबला की काप. "म्हणजे" म्हणाला की काप. श्वास घेतला की काप. मला त्याची नशा चढली. रविवारी पाळक बोलत असले की मनातल्या मनात मी त्यांच्या बोलण्यातून कितीतरी "प्रियजनहो" काढून टाकायचे. घरी कुकरची शिट्टी होईपर्यंत उभं राहवेना. शेजारीण दारात बोलायला थांबली की वाटे, ही आता मुद्द्यावर येईल तर बरं.

अशात घाटंजीहून एक मावशी साक्ष द्यायला आल्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी आया म्हणून उमर काढली होती. अंगावर लुगडं धुतलेलं, हातात कापडी पिशवी. दिव्याखाली खुर्चीत बसल्या आणि कॅमेरा सुरू व्हायच्या आतच मला विचारलं, "हे पुण्यात दिसते का जी?"

त्यांचा मुलगा पुण्याला होता. पूर्वी घाटंजीच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायचा. एकदा त्याचं काहीतरी चुकलं आणि मावशी त्याला चारचौघांत बोलल्या. तो घर सोडून गेला. नंबर बदलला. मात्र या कंपनीची गाणी तो अजून ऐकतो, असं त्याच्या मित्राने मावशींना सांगितलं होतं. म्हणून त्या बसमध्ये बसून आल्या होत्या.

त्या दवाखान्याबद्दल बोलल्या, देवाने सांभाळलं ते बोलल्या. मध्ये मध्ये खोकल्या. मग मुलावर आल्या आणि गप्प झाल्या. खिडकीकडे पाहत राहिल्या. खाली रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. मग म्हणाल्या, "बाबू, माह्यं चुकलं. सर्वायच्या समोर नव्हतं बोलाले पायजे." आणि पुन्हा खोकला.

ही साक्ष कापायचं काम माझ्याकडे आलं. याच कामावर माझं सर्टिफिकेट ठरायचं होतं. मी खोकला काढला, खिडकी काढली, भोंगा काढला, खाली मंद संगीत घातलं. दीड मिनिटात सगळं बसलं. सर खूश झाले. मुलगी म्हणाली, "आज्जी, एकदम प्रो!"

मावशींना दाखवायला बोलावलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "टीचरबाई, हे कोण व्हय?"

"तुम्हीच ना, मावशी."

"मी काय अशी सरसर बोलतो काय वं? आमचा बाबू म्हणन, मायच्या जागी दुसरंच कोणी बसवलं."

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, लांब ठेवलं तर लोक पाहत नाहीत."

"लोकायले कायले दाखवता? एकट्याले दाखवाचं हाये."

 मी सरांना म्हटलं, छोटा व्हिडिओ चॅनेलवर जाऊ दे आणि त्याखाली पूर्ण साक्षीची लिंक आणि ऑफिसचा नंबर राहू दे. ते म्हणाले, "मॅडम, ते सगळे अर्ध्यात सोडतील." म्हटलं, सोडू देत, त्या आलेखाची मला घरापासून सवय आहे.

मग मी उलटं काम केलं. कापलेलं एकेक परत जोडलं: खोकला, खिडकी, भोंगा. संगीत काढलं. मावशी गप्प होतात त्या जागी माझं बोट आपोआप कापायच्या बटणाकडे जाई. मी हात मांडीखाली घेऊन बसले आणि ते पाहून ती मुलगी हसत सुटली.

दोन्ही व्हिडिओ चॅनेलवर गेले. त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. दर थोड्या वेळाने मी पूर्ण साक्षीचं पान उघडून बघे. मावशी गप्प होतात तिथे आलेखाची रेषा घसरगुंडीसारखी खाली येत होती. सरांनीही ते पाहिलं होतं. रोज दुपारी मावशींचा फोन येई.

"आला काय जी त्याचा फोन?"

"नाही हो, अजून नाही."

"बरं. उद्या पाहातो."

मी पाणी प्यायला उठे, पाणी न पिताच परत येई. सरांनी दिलेलं पोस्टर तसंच पडून होतं. वाटे, कशाला या फंदात पडले? आपण उगीच एका आईला रोज फोन करायला लावतोय.

एका दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मीच उचलला. मावशी असतील असं वाटलं. पलीकडे कोणी बोलेना. गाड्यांचे आवाज येत होते, आणि कोणाचा तरी श्वास. मी दोनदा हॅलो म्हटलं. एरवी ठेवूनच दिला असता. पण तशीच उभी राहिले, वायर बोटाला गुंडाळत. मुलीने खुणेने विचारलं, कोण? मी मान हलवली.

बऱ्याच वेळाने एक पुरुषी आवाज म्हणाला, "आई लय खोकलून राह्यली. औषध घेते का?"

 मी म्हटलं, "ते मला नाही ठाऊक, बाळा. तिचा नंबर तोच आहे."

"हो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मावशींचा रोजचा फोन आला नाही. मी घड्याळाकडे पाहत होते, खोलीत फेऱ्या मारत होते. सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लावा ना." तरी मी लावला नाही. घरी जायची पिशवी खांद्याला अडकवली आणि मग राहवेना, जिन्यातच नंबर फिरवला.

मावशी दुसऱ्या कॉलवर होत्या. खाली उतरून पुन्हा लावला. अजून दुसऱ्या कॉलवर. औषधांच्या दुकानासमोर रस्त्याच्या कडेला उभी राहून, मशीनमधली बाई तेच तेच वाक्य मराठीत, हिंदीत, मग इंग्रजीत सांगत होती, ते मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.