गुलाबरावानं सोडलेलं विमान

आकाशात विमान वाजलं की गुलाबराव फौजी हातातला कप तसाच धरून मान वर करायचा, आणि ते दिसेनासं होईपर्यंत चहाला तोंड लावत नसे. वरच्याला काय पत्ता, खाली शेलूबाजारात आपल्यापायी एकाचा चहा निवून राह्यला म्हणून.

लढाईत तो हवाई दलाच्या रडारवर होता. दुश्मनाचं फोटो काढणारं विमान फार उंचावरून, फार वेगानं यायचं. आपलं विमान नेमकं त्याच्या वाटेवर पोचावं म्हणून पायलटला रेडिओवर दिशा सांगायची, हे याचं काम. एकदा ते अगदी टप्प्यात आलं. पण आपल्या पायलटचं इंधन संपत आलं आणि यानं त्याला माघारी बोलावलं. दुश्मन फोटो घेऊन आपल्या घरी गेला. मी दुसरीपर्यंत शिकलेला, पण असली गोष्ट चारचौघांत सांगायची नसते एवढं मलाही कळतं. हा मात्र फाट्यावर रोज सांगायचा. पोट्टे विचारायचे, "काकाजी, मंग पाडलं काहून नाही?"

"आपलंही पडलं असतं, बावा. आपला माणूस उतरला पाह्यजे."

अलीकडे सीमेवर पुन्हा गडबड झाली. टीव्हीवर दिवसभर विमानं, तेव्हा कुठं गावाला आपला फौजी आठवला. सरपंचानं सत्कार ठेवला. वेशीवरच्या नव्या कमानीला त्याचं नाव द्यायचं ठरलं. गुलाबरावाला ते फार हवं होतं. जुन्या कोटाला इस्त्री करून तो सगळ्यांच्या आधी खुर्चीवर जाऊन बसला. सरपंच म्हणाला, "काकाजीनं दुश्मनाचं विमान पाडलं." टाळ्या पडल्या. यानं माइक ओढला.

"पाडलं नाही. मी सोडलं."

"काकाजी, बसा. लोकं खुश होऊन राह्यले."

"होऊ द्या. पण पाडलं नाही."

कमानीचं तिथंच फिसकटलं. पुढं तिच्यावर सरपंचाच्या बापाचं नाव लागलं. तो माणूस जन्मात एसटीच्या टपाच्या वर चढला नव्हता.

त्या दिवशी घरी येताना मी गुलाबरावाला चांगला झाडला. "गप बसला असता तं तुह्यं काय जात होतं? तुहा पायलट का इथं येऊन पाह्यणार होता?"

"तो कायले येते," गुलाबराव म्हणाला. "पण मले त रोज त्या कमानीखालून जा लागलं असतं."

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्यानं गप बसायला पाहिजे होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. फक्त त्यावरून माझ्याशी भांडेल असा माणूस आता गावात उरला नाही.