पंजाबी पोरींची मराठी कोच

आमच्या घरात मोठ्यानं बोलायचा मक्ता लग्नापासून बायकोकडे आहे. मी सदाशिव, मोहालीत सेक्टर ६७ मधल्या औषधसंशोधन संस्थेच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला, तोंड मिटून काम करणारा माणूस. बायको प्रभावती, चंदीगडमधल्या एका लहानशा मुलींच्या कॉलेजात बास्केटबॉलची कोच. मूळची सांगलीची. तिनं गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारली की मागच्या गल्लीतलाही वळून येतो.

खरं सांगतो, सुरुवातीला मला तिचा राग यायचा. लग्न करून इतक्या लांब आणली, म्हटलं घरी रुळेल. कसलं काय. महिनाभरात ही त्या कॉलेजच्या दारात उभी. सांगलीत कॉलेजच्या टीमची कॅप्टन होती, ती काय घरात बसून मेथी निवडणार? तिथं कोर्ट म्हणजे फुटक्या सिमेंटचं अंगण आणि एक वाकडी रिंग. पोरी सलवार-कमीजवर ओढणी कमरेला गुंडाळून यायच्या. पोरीला खेळू द्या म्हणून सांगायला ही त्यांच्या घरी जायची, बसनं पार मोरिंड्यापर्यंत. तिचं हिंदी ऐकून मी कपाळाला हात लावायचो. पण आई-बाप ऐकायचे बुवा.

मैदानाबाहेरून सूचना ओरडायच्या तर समोरच्या टीमलाही कळतात. प्रभानं त्यावर उपाय काढला, सूचना मराठीत द्यायच्या. ‘भिंत’ म्हटलं की पाचही जणी रिंगपुढं अडवून उभ्या. ‘पलटी’ म्हटलं की चेंडू झटकन दुसऱ्या बाजूला. आमचा मुलगा सर्वेश आयटी पार्कात नोकरीला आहे, त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देणार हिंदीत. आणि हिच्या पंजाबी पोरी मराठीवर धावायच्या. मग मलाही हळूहळू तिचं कौतुक वाटायला लागलं, तिला कधी सांगितलं नाही एवढंच.

पण लहान कॉलेजचं नशीब लहानच. पोरगी जरा चमकली की मोठं कॉलेज तिला बोलावून घेणार. होस्टेल फुकट, खुराक फुकट, बूट नवे. प्रभा कुणालाही अडवायची नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं मी चिडून म्हणायचो. ती म्हणायची, “पोरीचं भलं होतंय ना, मग खाऊ दे.” मोठ्या कॉलेजला मात्र तिनं एकदाही हरवलं नव्हतं, आणि ते तिला सलत होतं हे मला ठाऊक होतं.

यंदा मार्चमध्ये ती निवृत्त व्हायची होती. दिवाळी झाल्यावर प्राचार्यबाईंनी तिला बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षीपासून टीम बंद, कोर्टावर गाड्या लावायच्या. “प्रभा जी, टीम तो आप ही हैं,” त्या म्हणाल्या. “लडकियाँ हर पास पे आपको देखती हैं. आपके बाद कौन?”

त्या दिवशी जेवण झाल्यावर प्रभानं ताटं उचलली. मग म्हणाली, “अहो, मी त्यांना सेमीफायनल बघायला बोलावलंय. बघा आणि मग ठरवा म्हटलं.”

समोर नेमकं मोठं कॉलेज होतं. प्राचार्यबाईंचं म्हणणं खोटं नाही, हे मला आतून कळत होतं.

मॅचच्या दिवशी मी पायऱ्यांवर बसलो, प्राचार्यबाई पुढच्या खुर्चीत. खेळ सुरू झाला आणि प्रभा कडेनं येरझाऱ्या घालत ओरडायला लागली. “पलटी.” चेंडू पोचायच्या आत समोरची एक उंच पोरगी तिथं हजर. पुन्हा “पलटी”, पुन्हा तीच. मग मी नीट पाहिलं. ती नवसीरत होती, गेल्या वर्षापर्यंत प्रभाकडेच खेळलेली. हात्तिच्या, तिला सगळं मराठी येत होतं. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं माझ्या मनात आलं. पण नवसीरतचा तरी काय दोष, ती शिकवल्याप्रमाणं खेळत होती.

मध्यंतराला आम्ही चांगलेच मागे होतो. प्रभानं पोरींना जवळ घेतलं. “अब मैं कुछ नहीं बोलूँगी,” ती म्हणाली. “तुम देखो.” कॅप्टन सिमरत घाबरून म्हणाली, “मैडम जी, फिर हम क्या करें?” प्रभा बाकावर जाऊन बसली.

पहिली काही मिनिटं बघवत नव्हती. पोरी बाकाकडं बघायच्या, तिथून काही येत नव्हतं, तेवढ्यात चेंडू जायचा. प्रभानं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. प्राचार्यबाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

मग सिमरतनं बघणं सोडलं. तीच पंजाबीत इतरांना हाका मारायला लागली. एक बास्केट झाली, दुसरी झाली. आणि मध्येच ती जोरात ओरडली, “पलटी.” नवसीरत सवयीनं दुसऱ्या बाजूला धावली. चेंडू तिकडं गेलाच नाही. सिमरत मोकळ्या वाटेनं आत घुसली आणि रिंगमध्ये टाकून आली. हे प्रभानं शिकवलेलं नव्हतं, तिला असली लबाडी सुचलीही नसती. त्यानंतर नवसीरतला कुठल्या हाकेवर विश्वास ठेवायचा तेच कळेना.

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आम्ही एका बास्केटनं पुढं होतो. पोरी सिमरतवर तुटून पडल्या, तिला खांद्यावर घेतलं. बाकाकडं कुणीच आलं नाही. मुद्दाम नव्हे, त्या भान विसरल्या होत्या.

मी खाली उतरून प्रभाशेजारी बसलो. प्राचार्यबाई येऊन म्हणाल्या, “टीम रहेगी, प्रभा जी. नयी कोच ढूँढेंगे.” प्रभानं हात जोडले.

त्या गेल्यावर ती म्हणाली, “नव्या कोचला सांगायला पाहिजे हो, पहिल्या दिवसापासून जरा गप्प बस म्हणावं. पोरी आपल्या आपण खेळतात.”

“तुला कुणी असं सांगितलं असतं तर तू बसली असतीस?”

“नाही,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.