भिंतीत तोंड केलेला दगड

माझे सासरे एरवीही एका जागी बसणारे नव्हेत, पण त्या महिन्यात त्यांच्या पायाला भिंगरीच लागली होती. जेवता जेवता उठायचे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात फिरवायचे, परत ताटावर यायचे. ओल आली का म्हणून विचारलं, तर माझ्यावरच खेकसले.

सासरे गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि त्या घरांचा निम्मा दगड टेकडीवरच्या पडक्या इमारतीतला. ती हजार वर्षांची की दोन हजार, याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. दगड आयता घडवलेला, शिवाय फुकट. सासऱ्यांची एक रीत मात्र पक्की होती. कोरीव दगड आला की कोरलेलं तोंड भिंतीच्या आत आणि साधी पाठ बाहेर. दुसऱ्या कारागिराचं काम मोडायचं नाही, फक्त फिरवून ठेवायचं, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलेलं. "मी कुणाचं एक फूल मोडलं नाही," हे ते इतक्यांदा सांगत की नातवंडं त्यांच्या आधी वाक्य पुरं करायची.

मग टेकडीवर खोदकाम करायला एक संशोधक बाई आल्या. त्यांना एका कोरीव लेखाचा वरचा दगड सापडला होता, खालचा हवा होता. दारोदार विचारत त्या आमच्याकडेही आल्या. सासऱ्यांनी माहीत नाही म्हणून सांगितलं आणि तिथून त्यांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

शेवटी माझ्याजवळ ओकले. दगड आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीत होता, तुळईखाली. आणि सगळ्या आयुष्यात तो एकच त्यांनी तासला होता. "चार बोटं जास्त होता. तुळई बसेना. संध्याकाळ झालेली, माणसं खोळंबलेली. खालची एक ओळ गेली. एकच." मग माझ्याकडे बघत राहिले, जणू मी ती वाचली होती.

मी म्हटलं, जे आहे ते सांगून मोकळे व्हा. भिंत माझ्या ओट्यामागची, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी बाईंना दगड कुठे आहे एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुळईला टेकू लागले, भिंत फुटली आणि माझे डबे अंगणात गेले.

बाईंनी ब्रशने माती झाडली आणि ओट्याला टेकून दगड वाचला. कुणी बांधायला लावलं, कुठल्या वर्षी, सगळं होतं. त्या खूश झाल्या. सासऱ्यांनी हळूच विचारलं, खाली एखादी ओळ असती, तर त्यात काय असतं?

"बहुतेक दगड घडवणाऱ्याचं नाव, काका. इथल्या दुसऱ्या लेखांत तळाला तेच असतं."

बाई गेल्यावर सासरे मला म्हणाले की तासलेल्या कपच्या त्यांनी फेकल्या नव्हत्या, त्याच भिंतीच्या पोटात भरल्या होत्या.

तीन आठवडे झाले. भिंत अजून उघडी आहे, वारा थेट गॅसवर येतो आणि मी रोज चिडते. सासरे अंगणात चाळण घेऊन भिंतीतला चुरा चाळतात, एकेक कपची पाण्यात धुतात, उन्हाकडे तिरकी धरतात. परवा मी वैतागून म्हटलं, "बाबा, तुम्हाला वाचता तरी येतं का ते? सापडून करणार काय?"

"वाचून घेईन कुणाकडून," ते म्हणाले. "मोडलं कुणाचं, ते तरी कळू दे."